खाद्यपेयांतील दुर्बल अम्ले

फळे, पालेभाज्या, दुग्धजन्य पदार्थ, शिरका व पेये यांना आंबट चव आणणाऱ्या आणि पाण्यात विरघळल्यावर ज्यांच्या रेणूंचे आयनांमध्ये अंशतःच विगमन होते अशा अम्लांचा समूह. सायट्रिक, टार्टारिक, मॅलिक, लॅक्टिक, ॲसिटिक, ऑक्झॅलिक व ॲस्कॉर्बिक ही कार्बनी अम्ले आणि कार्बॉनिक व फॉस्फोरिक ही अकार्बनी अम्ले या समूहात प्रामुख्याने येतात.

एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा अधिक ‘आम्ल’ आहे असे म्हणताना तीन भिन्न राशींची गल्लत होण्याचा संभव असतो. पहिली अम्लाचे बल, म्हणजे त्याच्या रेणूंची विगमन पावण्याची प्रवृत्ती. दुसरी पीएच मूल्य, म्हणजे विद्रावात प्रत्यक्ष मोकळ्या असलेल्या हायड्रोजन आयनांच्या संहतीचे माप. तिसरी एकूण अम्लता, म्हणजे विद्रावाचे पूर्ण उदासिनीकरण करण्यास लागणाऱ्या अल्कलीचे प्रमाण. लोणच्याचा टिकाऊपणा, धातूच्या भांड्यांतून विरघळणारे तांबे, दातांची झीज यांसारख्या प्रश्नांत या तीन राशींचा वाटा सारखा नसतो. त्यामुळे कोणत्या हेतूने तुलना करावयाची, हे प्रथम ठरवावे लागते.

या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातील आहारातून घेतली आहेत. चिंच, लिंबू व संत्रे, हरभऱ्याची आंब, अंबाडी, तसेच दही, ताक व आंबील असे पदार्थ या जिल्ह्यात परिचयाचे असून त्यांतून बहुतेक सर्व प्रमुख खाद्य अम्ले आढळतात.

इतिहास : कार्ल व्हिल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी यांपैकी अनेक अम्ले प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यांत टार्टारिक (१७६९), लॅक्टिक (१७८०), सायट्रिक (१७८४) व मॅलिक (१७८५) या अम्लांचा समावेश होतो. अम्ले पाण्यात आयनांमध्ये अलग होतात ही कल्पना स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८४–८७ या काळात मांडली आणि १८८८ मध्ये व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी दुर्बल अम्लांचे विगमन व विद्रावाची विरलता यांचा संबंध गणिती रूपात दिला. पीएच हे माप सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुचविले. ही प्रयोगशाळा बिअर-निर्मितीच्या उद्योगाशी निगडित होती, म्हणजे या मापाचा उगमही पेयाशी संबंधित प्रयोगशाळेतच झाला.

बल व पीएच मूल्य : हायड्रोक्लोरिक अम्लासारख्या प्रबल अम्लाचे विरल विद्रावात जवळजवळ संपूर्ण विगमन होते. दुर्बल अम्लाच्या विद्रावात मात्र अखंड रेणू व त्यांपासून झालेले आयन यांच्यात समतोल असतो. या समतोलाच्या स्थिरांकाच्या लॉगरिथमाचे चिन्ह बदलून पीकेए मूल्य मिळते. पीकेए जितके कमी तितके अम्ल प्रबल आणि त्यात एकाचा फरक म्हणजे विगमन स्थिरांकात दहापटीचा फरक होय. पुढील कोष्टकात दर लिटरला ०.१ मोल अम्ल असलेल्या शुद्ध विद्रावांची गणिताने काढलेली स्थूल मूल्ये दिली आहेत. एकाहून अधिक हायड्रोजन सोडणाऱ्या अम्लांच्या बाबतीत फक्त पहिली पायरी विचारात घेतली आहे.

कोष्टक. खाद्यपेयांतील अम्लांचे तुलनात्मक बल (२५° से.)

| अम्ल | प्रमुख आढळ | पीकेए (पहिले) | विगमन (टक्के) | पीएच मूल्य |
|---|---|---|---|---|
| ऑक्झॅलिक | चुका, पालक, हरभऱ्याची आंब | १.२५ | ५२ | १.३ |
| फॉस्फोरिक | कोला पेये | २.१५ | २३ | १.६ |
| टार्टारिक | चिंच, द्राक्षे | २.९८ | १० | २.० |
| सायट्रिक | लिंबू, संत्रे | ३.१३ | ८ | २.१ |
| मॅलिक | सफरचंद, हरभऱ्याची आंब | ३.४० | ६ | २.२ |
| लॅक्टिक | दही, ताक, आंबील | ३.८६ | ३.६ | २.४ |
| ॲस्कॉर्बिक | आवळा, पेरू | ४.१० | २.८ | २.६ |
| ॲसिटिक | शिरका | ४.७६ | १.३ | २.९ |
| कार्बॉनिक | सोडावॉटर | ६.३५ | ०.२ | ३.७ |

कार्बॉनिक अम्लाची एवढी संहती बाटलीतील दाबाखालीच टिकते. बाटली उघडून ठेवल्यास कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व आंबटपणा कमी होत जातो.

एकूण अम्लता : कोष्टकावरून शिरका हा सौम्य व कोला पेय हे तीव्र असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ५ टक्के ॲसिटिक अम्ल असलेल्या शिरक्याचे पीएच मूल्य सुमारे २.४ असते, तर सुमारे ०.०५ टक्के फॉस्फोरिक अम्ल असलेल्या कोला पेयाचे सुमारे २.५ असते. ॲसिटिक अम्ल बलाने कमी असले, तरी ते वजनाने शंभरपट अधिक असल्याने दोन्ही विद्रावांत मोकळे हायड्रोजन आयन जवळजवळ सारखेच असतात.

या दोघांतील खरा भेद अनुमापनात दिसून येतो. दर लिटरला ०.१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड असलेला विद्राव घेतल्यास १० मिलि. शिरक्याच्या उदासिनीकरणास तो सुमारे ८३ मिलि. लागतो, तर कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकलेल्या १० मिलि. कोला पेयास केवळ सुमारे १ मिलि. पुरतो. ६ टक्के सायट्रिक अम्ल असलेल्या १० मिलि. लिंबूरसास सुमारे ९४ मिलि. लागतो, कारण सायट्रिक अम्लाच्या प्रत्येक रेणूत उदासीन होऊ शकणारे तीन हायड्रोजन असतात. पीएच मूल्य ही त्या क्षणी हाती असलेली रोकड मानली, तर एकूण अम्लता ही कोठारातील साठ्यासह असलेली संपूर्ण शिल्लक होय. दुर्बल अम्लाच्या विद्रावातील हायड्रोजन आयन खर्च होऊ लागले की अखंड रेणूंचे विगमन होऊन त्यांची भरपाई होत राहते.

६ टक्के शुद्ध सायट्रिक अम्लाच्या विद्रावाचे पीएच मूल्य गणिताने सुमारे १.८ येते. लिंबाच्या रसाचे मात्र ते २.० ते २.६ असते. रसात अम्लाबरोबर त्याची पोटॅशियम लवणेही असतात आणि अम्ल व त्याचे लवण मिळून पीएच मूल्यातील बदलाला विरोध करणारा उभयप्रतिरोधी विद्राव तयार होतो. चिंचेतही टार्टारिक अम्लाचा काही भाग पोटॅशियम बायटार्टारेटाच्या स्वरूपात असतो.

प्रमुख अम्ले : टार्टारिक अम्ल हे चिंचेचे वैशिष्ट्य असून चिंचेच्या गरात त्याचे प्रमाण सामान्यतः ८ ते १८ टक्के असते. इतर अनेक फळांत पिकताना अम्ल घटते. उदा., कैरी पिकून आंबा झाला की तिच्यातील अम्लाचा बराच भाग वापरला जातो. चिंचेत मात्र टार्टारिक अम्ल फारसे कमी होत नाही, शर्करा वाढते. त्यामुळे पिकलेली चिंच गोड-आंबट लागली, तरी तिच्यातील अम्ल कायम असते. चिंचवणीत गूळ घातल्याने आंबटपणा झाकला जातो, पण अम्ल नाहीसे होत नाही.

सायट्रिक अम्ल लिंबाच्या रसात ५ ते ८ टक्के व संत्र्याच्या रसात साधारणतः ०.५ ते १.५ टक्के असते. बाजारात ‘लिंबूसत्त्व’ म्हणून मिळणारे स्फटिकी सायट्रिक अम्ल लिंबापासून काढलेले नसते. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायगर या बुरशीच्या साहाय्याने साखरेपासून ते मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली व तेव्हापासून औद्योगिक उत्पादन प्रामुख्याने किण्वनाने होऊ लागले. लिंबाच्या रसातील ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) या स्फटिकांत नसते, म्हणून दोन्हींचे पोषणमूल्य सारखे नाही.

मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले हरभऱ्याच्या पिकात शेतावरच अनुभवास येतात. हरभऱ्याची पाने, खोड व घाटे यांवरील प्रपिंडीय केसांतून एक आंबट स्राव पाझरतो, त्याला आंब म्हणतात. तिच्यात मॅलिक अम्लाचे प्रमाण अधिक असून ऑक्झॅलिक अम्लही असते. हिवाळ्यात रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरून दवाबरोबर ती टिपून घेण्याची व पहाटे पिळून साठविण्याची जुनी रीत आहे. अपचनावर ती घरगुती औषध म्हणून वापरली जाते. यातील ऑक्झॅलिक अम्लामुळे घाटे अळीच्या वाढीस प्रतिबंध होतो असे प्रयोगांत आढळले असून हरभऱ्याच्या वाणांची कीडप्रतिकारक्षमता अभ्यासताना या स्रावाचा विचार केला जातो. ऑक्झॅलिक अम्ल हे कोष्टकातील सर्वांत प्रबल अम्ल असून ते कॅल्शियमाशी संयोग पावून अविद्राव्य लवण बनविते. त्यामुळे आहारातील कॅल्शियमाचे शोषण घटते आणि मूत्रखड्यांतही हेच लवण बहुधा आढळते.

अंबाडीचा पाला व लाल अंबाडीचे मांसल संवर्त यांत सायट्रिक व मॅलिक अम्लांबरोबर हायड्रॉक्सिसायट्रिक अम्लापासून बनलेले हिबिस्कस अम्ल असते. कोकणातील कोकमातही हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल असते, पण दोन्हींतील रेणूंची अवकाशीय मांडणी भिन्न असते. लाल अंबाडीच्या संवर्तातील रंगद्रव्य अम्लात लाल व अल्कलीत निळसर-हिरवे दिसते, म्हणून त्याचा काढा शालेय प्रयोगांत दर्शक म्हणून उपयोगी पडतो. मात्र हा दर्शक पीएच मूल्याचा स्थूल अंदाज देतो, एकूण अम्लतेचा नव्हे.

लॅक्टिक अम्ल फळांपेक्षा किण्वित पदार्थांत महत्त्वाचे आहे. दुधातील लॅक्टोज या शर्करेपासून सूक्ष्मजंतू ते तयार करतात. पीएच मूल्य सुमारे ४.६ पर्यंत उतरले की केसीन हे प्रथिन साकळते व दही लागते. ज्वारीच्या पिठाची आंबील आंबविताना पिठातील शर्करांपासूनही हेच अम्ल बनते. ॲसिटिक अम्ल मद्यार्काचे सूक्ष्मजंतूंद्वारे ऑक्सिडीभवन होऊन तयार होते. ते बाष्पनशील असल्याने शिरक्याला उग्र वास येतो. सायट्रिक व टार्टारिक अम्ले बाष्पनशील नसल्याने त्यांना वास नसतो.

चव : आंबट चव जिभेवरील विशिष्ट कोशिकांत हायड्रोजन आयन शिरल्याने निर्माण होते. त्यांना प्रवेश देणारे ओटॉप-१ हे प्रथिन २०१८-१९ मध्ये झालेल्या संशोधनातून निश्चित झाले. तथापि केवळ पीएच मूल्यावरून चव ठरत नाही. पीएच मूल्य समान ठेवल्यास ॲसिटिक अम्लाचा विद्राव हायड्रोक्लोरिक अम्लाच्या विद्रावापेक्षा अधिक आंबट लागतो, कारण त्यात अखंड रेणूंचा मोठा साठा असतो. उलट साखरेमुळे पीएच मूल्य न बदलता आंबटपणा कमी भासतो. म्हणून जिभेवरून अम्लतेचा निर्णय करणे फसवे असते.

परिरक्षण : सूक्ष्मजंतूंच्या कोशिका-पटलातून आयन सहज जाऊ शकत नाहीत, परंतु दुर्बल अम्लाचे लहान अखंड रेणू जाऊ शकतात. आत गेल्यावर त्यांचे विगमन होऊन कोशिकेतील व्यवहार बिघडतात. यामुळे परिरक्षणाच्या दृष्टीने दुर्बलता हा गुण ठरतो. पीएच मूल्य ४.० असताना ॲसिटिक अम्लाचे सुमारे ८५ टक्के, लॅक्टिक अम्लाचे सुमारे ४२ टक्के आणि सायट्रिक अम्लाचे सुमारे १० टक्केच रेणू अखंड असतात. म्हणून समान पीएच मूल्यास शिरका हा लिंबूसत्त्वापेक्षा अधिक प्रभावी परिरक्षक असतो.

पीएच मूल्याचे स्वतंत्र महत्त्वही आहे. प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या सूक्ष्मजंतूची वाढ ४.६ पेक्षा कमी पीएच मूल्यास होत नाही. लिंबू व कैरी यांच्या लोणच्यांत ही अट आपोआप पाळली जाते. गाजर, फ्लॉवर, हिरवे वाटाणे अशा भाज्या हवाबंद करून ठेवताना मात्र पुरेसे अम्ल न घातल्यास केवळ तेलाच्या थराने संरक्षण मिळत नाही. उलट तेलाखाली हवा नसल्याने या सूक्ष्मजंतूस अनुकूल परिस्थिती निर्माण होते.

भांडी : तांबे विरल अम्लात स्वतःहून विरघळत नाही, परंतु हवेतील ऑक्सिजनामुळे त्यावर बनणारा थर विरघळतो व ही क्रिया चालू राहते. टार्टारिक व सायट्रिक अम्ले तांब्याच्या आयनांशी विद्राव्य संयुगे बनवीत असल्याने ही क्रिया अधिक सुकर होते. चिंचेने तांब्यापितळेची भांडी लखलखीत होतात त्याचे कारण हेच होय. तीच चिंच, ताक वा कढी कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवल्यास कळकते आणि असा पदार्थ पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. येथे काळ व एकूण अम्लता यांना महत्त्व असते. ताकाचे पीएच मूल्य (सुमारे ४ ते ४.५) लिंबापेक्षा बरेच अधिक असले, तरी ते रात्रभर राहिल्यास पुरेसे तांबे विरघळू शकते. कल्हईतील कथिलावर खाद्य अम्लांचा परिणाम अल्प होतो, म्हणून कल्हई उडालेले भांडे आंबट पदार्थांसाठी वापरू नये. ॲल्युमिनियमावरील संरक्षक ऑक्साइडाचा थरही अम्लात विरघळतो. आंबट पदार्थ साठविण्यास काच, चिनी माती वा अगंज पोलाद सुरक्षित असते.

दात : दंतवल्कातील कॅल्शियम फॉस्फेटी खनिज सुमारे ५.५ पेक्षा कमी पीएच मूल्यास विरघळू लागते. कोला पेयाची एकूण अम्लता अल्प असल्याने एका घोटातील अम्लाचा परिणाम लाळेमुळे लवकर नाहीसा होतो, परंतु तेच पेय तासभर थोडेथोडे घेत राहिल्यास लाळेला तशी संधी मिळत नाही. लिंबू व चिंच यांची एकूण अम्लता मोठी असते आणि त्यांतील अम्ले कॅल्शियमही बांधून घेतात. म्हणून चिंचेच्या गोळ्या बराच वेळ तोंडात धरून ठेवणे दातांस अपायकारक असते. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी व दात लगेच घासू नयेत, कारण मऊ झालेले दंतवल्क घासल्याने झिजते.

मापन : एकूण अम्लता अनुमापनाने व फिनॉलप्थॅलीन दर्शक वापरून काढतात. दर लिटरला ०.१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड असलेल्या विद्रावाचा १ मिलि. हा ०.००६० ग्रॅ. ॲसिटिक, ०.००६४ ग्रॅ. सायट्रिक, ०.००६७ ग्रॅ. मॅलिक, ०.००७५ ग्रॅ. टार्टारिक वा ०.००९० ग्रॅ. लॅक्टिक अम्लाशी तुल्य असतो. त्यामुळे ‘अम्लता इतके टक्के’ असे म्हणताना ती कोणत्या अम्लाच्या स्वरूपात मोजली हे सांगणे आवश्यक असते. दूध-संकलनात वापरली जाणारी अम्लता लॅक्टिक अम्लाच्या स्वरूपात सांगतात. ताज्या दुधातही ती सुमारे ०.१४ टक्के येते, पण ती फॉस्फेटे, केसीन व विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांमुळे असते, दूध आंबल्यामुळे नव्हे. या मूळ अंकापेक्षा झालेली वाढच दूध आंबल्याची निदर्शक असते.

शरीरातील परिणाम व फ्ल्युओराइडाचा प्रश्न : आंबट पदार्थांनी रक्त आम्ल होते हा समज चुकीचा आहे. जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल खाद्य अम्लांहून कितीतरी प्रबल असते. शोषल्या गेलेल्या सायट्रिक अम्लाचे चयापचयात कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होते आणि त्याच्या पोटॅशियम लवणांपासून बायकार्बोनेट शिल्लक राहते, त्यामुळे मूत्राची अम्लता उलट घटते. ॲस्कॉर्बिक व सायट्रिक अम्लांमुळे धान्ये व पालेभाज्यांतील लोहाचे शोषण वाढते. या दृष्टीने भाकरी व भाजीबरोबर लिंबू घेण्याची पद्धत हितावह आहे.

यवतमाळ जिल्ह्यात दुर्बल अम्लांचा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. केळापूर (पांढरकवडा), वणी व लगतच्या भागांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १.० मिग्रॅ. पर्यंत असावे व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत चालते. यापेक्षा अधिक फ्ल्युओराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठर होतात. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल काच खाणारे असले, तरी विगमनाच्या दृष्टीने दुर्बलच (पीकेए ३.१७) आहे. त्यामुळे जठरातील तीव्र अम्लतेत फ्ल्युओराइड बहुतांशी अखंड हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाच्या रूपात असते आणि परिरक्षक अम्लांप्रमाणेच ते पटलांतून सहज आत जाते. मूत्रपिंडात याच्या उलट घडते. मूत्र कमी आम्ल असेल, तर फ्ल्युओराइड आयनरूपात राहते, परत शोषले जात नाही व शरीराबाहेर पडते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, मुलांच्या एका लहान गटाला रोज चिंच दिली असता मूत्रावाटे होणारे फ्ल्युओराइडाचे उत्सर्जन वाढल्याचे आढळले. हा निष्कर्ष लक्षणीय असला, तरी चिंच हा शुद्ध पाण्याचा पर्याय ठरत नाही. पाण्यात लिंबू पिळल्याने त्यातील फ्ल्युओराइड कमी होत नाही आणि पाणी उकळल्याने ते निघून न जाता उलट संहत होते. ते काढण्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरणारी नालगोंडा पद्धती किंवा सक्रियित ॲल्युमिना यांसारखे उपाय योजावे लागतात, अथवा फ्ल्युओराइड कमी असलेला दुसरा स्रोत शोधावा लागतो. फ्ल्युओराइडाला चव, रंग वा वास नसल्याने पाण्याची रासायनिक तपासणी हीच त्याची एकमेव खूण होय.